काट्यावरची शिकार

काटेरी झुडपाच्या अगदी शेंड्यावर एक पक्षी निश्चल बसला आहे. तो बुलबुलाहून फारसा मोठा नाही. पण चोचीपासून डोळ्यावरून कानापर्यंत गेलेला जाड काळा पट्टा पाहिला, की हा खाटीक आहे हे लक्षात येते. या कुळात तीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे रंग एकसारखे नाहीत: राखी खाटकाची पाठ फिकट राखाडी असते, तर लांब शेपटीच्या खाटकाच्या पाठीचा खालचा भाग तांबूस असतो. म्हणून रंगांत अडकण्याआधी तो पट्टा, अंगाच्या मानाने मोठे डोके आणि टोकाशी खाली वळलेली चोच पाहावी. वयात न आलेल्या पक्ष्यांचा पट्टा मात्र पुसट असतो आणि अंगावर खवल्यांसारख्या रेघा असतात. तिथे सरावलेली नजरही फसते.

वर्गीकरणानुसार खाटीक गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतो, आणि इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही तो छान करतो. त्याचे भक्ष्य मात्र टोळ, भुंगे, सरडे, उंदीर आणि प्रसंगी लहान पक्षी. अडचण अशी, की ससाण्यासारखे बळकट पंजे त्याला नाहीत. त्याचे पाय फांदी धरण्यापुरतेच. त्यामुळे तो उंदराच्या मानेला चावा घेतो, वरच्या चोचीवरचा दातासारखा उंचवटा तिथे रुतवतो आणि भक्ष्याला जोरजोराने झटके देतो. अमेरिकेतील लॉगरहेड खाटकाचे हे झटके सेकंदाला सुमारे अकरा असतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले.

मग भक्ष्य काट्यावर किंवा काटेरी तारेवर रोवले जाते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली या पक्ष्याच्या प्रजातीला दिलेल्या ‘लॅनियस’ या लॅटिन नावाचा अर्थही खाटीकच. परंतु यात क्रौर्य शोधणे व्यर्थ आहे. काट्याने घट्ट धरलेले मांस चोचीने ओढून फाडता येते, म्हणजे पंजाचे काम इथे काटा करतो. उरलेले भक्ष्य तिथेच साठवले जाते, आणि इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात असे दिसून आले, की ज्या नराचा साठा मोठा, त्याला जोडीदारीण लवकर मिळते.

या साठ्याचा आणखी एक उपयोग आहे. लॉगरहेड खाटीक लबर नावाचा विषारी टोळ काट्याला टोचून ठेवतो, एक-दोन दिवस त्याकडे फिरकत नाही, आणि विषाचा जोर ओसरल्यावर परत येऊन तो खातो.