भरावाखालचा लाव्हा

[दृश्य: अंधेरी पश्चिम. इमारतींच्या फटीतून दिसणारा काळा कडा.]

मुंबई म्हटलं की भराव आठवतो. सात बेटं होती, मधल्या खाड्या बुजवल्या, झालं शहर. पण ही बेटं मुळात कशाची, हे विचारायचं राहूनच जातं. त्यासाठी गिल्बर्ट हिलला यावं.

सुमारे दोनशे फूट उंच कडा. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, पायथ्याशी खेटून वस्ती. कड्याच्या अंगाकडे नीट पाहा. एकाला एक चिकटलेले उभे खांब, बहुतेक पाच-सहा कोनांचे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस साचला आणि सावकाश निवत गेला. निवताना आकसला, आकसताना तडकला. तडे पृष्ठभागापासून आत आत उतरले, म्हणून हे खांब. आजूबाजूचा खडक खाणवाल्यांनी फोडून नेला, एवढाच उरला. 2007 मध्ये महापालिकेने त्याला वारसा दर्जा दिला. जरा उशीरच झाला म्हणायचा.

[दृश्य: वरळी, समुद्राकडची बाजू.]

लाव्हा काही एकदाच वाहिला नाही. दोन उद्रेकांच्या मधे मोठी उसंत असायची. वरळीला अशा दोन थरांमधे तळ्याचा गाळ सापडला आणि त्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म. 1847 मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. म्हणजे ज्वालामुखी जागा असतानाही इथे पाणी होतं, जीव नांदत होते.

आता तो जागा आहे का? वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत पाय सोडून बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. नाही. ते पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. खाली लाव्हा वगैरे उकळत नाही. भारतात जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

[दृश्य: कान्हेरी, पावसाळा. ओला कातळ, जवळून.]

हवाई बेटांवर ताजा लाव्हा निवला की त्यावर आधी दगडफूल धरतं. मग भेगांत नेचे येतात, ओहिआची झाडं येतात. बोरिवलीच्या जंगलात खडक जुना, तरी भेगेचं महत्त्व तेच. कातळावरचे हे राखाडी-हिरवट डाग दगडफुलाचेच. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. गोड्या मसाल्यात पडतं ते याचंच भाऊबंद.

कान्हेरीचा खडक गिल्बर्ट हिलसारखा नाही. ज्वालामुखीची राख आणि फुटक्या दगडांचे तुकडे सांधून तो झालाय. छिन्नीला तो ऐकतो, म्हणून इथे शंभरावर लेणी आणि पावसाचं पाणी धरणाऱ्या पोढी खोदता आल्या. जुलैत कपारीत मूठभर माती साचली की तेरडा उगवतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण कातळावर त्याची गर्दी बरेच दिवस टिकते.

[दृश्य: चढाचं जंगल, कारवीचं रान.]

पण या डोंगराची खरी मालकीण कारवी. खरखरीत पानं, अंगठ्याएवढ्या जाड सरळ काठ्या, आणि इतकी दाट की आत शिरायचं तर वाट करावी लागते. उभ्या चढावरची माती तिच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. सात-आठ वर्षं नुसती पानं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळी एकदम फुलते. 2016 मध्ये इथे फुलली तेव्हा उतारच्या उतार जांभळे झाले आणि मधमाश्यांची चंगळ झाली. बहर संपला की झाड वाळतं. बोंडं मात्र पुढच्या पावसाची वाट बघत तशीच राहतात. पहिली सर आली की ती तडातड फुटतात आणि बी लांब उडतं.

या काठ्यांचा कूड करायचा, त्याला शेणामातीचा गिलावा द्यायचा, की भिंत तयार. पाड्यांवरची घरं अशीच असत. आता राष्ट्रीय उद्यानात कारवी तोडायला बंदी आहे, तेव्हा वीट नाहीतर पत्रा. उद्यानाचा नियम चुकीचा नाही, पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली कसं होतं, तेही पाड्यावर विचारायला हवं.