बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?

बाळंतिणीला एक प्रश्न आवर्जून विचारावा. बाळ शांत झोपलंय, त्याच्याकडे बघायला माणूस आहे, तेव्हा तुम्हाला झोप लागते का? 'झोपायला वेळच मिळत नाही' असं उत्तर आलं, तर तो बहुधा थकवा असतो. 'पडून राहते, पण डोळ्याला डोळा लागत नाही' असं उत्तर आलं, तर पुढची चौकशी करायलाच हवी. बाळंतपणानंतर झोप, भूक, अंगातली ताकद सगळ्यांचीच बिघडलेली असते. नैराश्य त्याच्याआड लपतं, आणि 'असं होतंच' म्हणत महिने निघून जातात.

आधी कालगणना पाहू. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं. ते साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ओसरलं नाही, किंवा दिवसागणिक वाढतच गेलं, तर थांबू नका. आणि हे फक्त बाळंतपणानंतरच सुरू होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना आणि १३ टक्के नवमातांना मानसिक आजार होतो, प्रामुख्याने नैराश्य. म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीतही हा विषय काढायला हवा. वडिलांनाही नैराश्य येतं. त्यांना तर कुणी विचारतच नाही, म्हणून त्यांनी स्वतःहून बोलावं.

नैराश्याच्या तपासणीसाठी बऱ्याच ठिकाणी एडिनबरो प्रश्नावली देतात. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०, आणि उत्तरं मागच्या ७ दिवसांबद्दलची. थकवा आणि भूक यांबद्दलचे प्रश्न तिच्यात मुद्दाम घेतलेले नाहीत, कारण नव्या आईच्या बाबतीत त्यावरून काहीच कळत नाही. गुण १३ किंवा त्याहून जास्त असतील तर नैराश्याची शक्यता बरीच असते. १० ते १२ असतील तर नीट बोलून पाहावं आणि दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरावी. हे निदान नव्हे, ही चाळणी आहे. ही चाळणी फसण्याचं एक कारण असं: शेजारी नवरा किंवा घरातलं मोठं माणूस बसलेलं असतं आणि आई त्यांना बरं वाटेल असं उत्तर निवडते. ती एकटीनेच भरू द्या. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायला हवं.

आता प्रत्यक्ष दवाखान्यात काय होतं? बाळाचं वजन, लस, टाके, दूध यात वेळ संपतो आणि दाराशी पोचल्यावर आई म्हणते, 'जरा उदास वाटतं.' उत्तर मिळतं, 'विश्रांती घ्या.' म्हणून आत जाताच पहिलं वाक्य हेच बोला: 'डॉक्टर, आज मला माझ्या मनाबद्दल बोलायचंय.' घरून कागदावर लिहून न्या: कधीपासून, सलग किती तास झोप, कोणती रोजची कामं बंद पडली, मरणाचे विचार येतात का, पूर्वी स्वतःला किंवा घरात कुणाला असा आजार होता का, चालू औषधं कोणती. 'बरं वाटत नाही' पेक्षा 'तीन आठवडे झाले, रोज पहाटे तीनला जाग येते, बाळाला उचलायचीसुद्धा इच्छा होत नाही' याचा डॉक्टरांना उपयोग होतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, हेही विचारा. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तर लक्षणं अगदी अशीच दिसतात. निघण्याआधी पुढची तारीख ठरवा, आणि रात्री त्रास वाढला तर फोन कुणाला करायचा हे लिहून घ्या.

एक गोष्ट बायका सर्वांत जास्त दडवतात. 'बाळ हातातून पडलं तर', 'माझ्याच हातून काही झालं तर' असे विचार नको असताना मनात घुसतात. त्या विचारांची आईला भीती वाटते, ती सुरी लपवते, बाळाला अंघोळ घालायचं टाळते. हा चिंतेचा, कधी ओसीडीचा (नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराचा) प्रकार असतो आणि तो उपचारांनी बरा होतो. विचार आला म्हणजे तशी कृती होणार, असं नव्हे. तो निःसंकोच सांगा. याउलट झोप न घेताही प्रचंड उत्साह, भास, गोंधळ, कुणीतरी घात करणार अशी खात्री, बाळाबद्दल विचित्र समजुती, आणि त्या आईला स्वतःला खऱ्याच वाटणं, हे प्रसूतिपश्चात सायकोसिसचं, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या गंभीर आजाराचं चित्र आहे. हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. इथे उद्याची वेळ घ्यायची नाही. आईला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि तत्काळ रुग्णालय गाठायचं.

सौम्य त्रासाला समुपदेशन किंवा सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती) अनेकदा पुरतं. गोळ्या लागल्या तर परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. नेमक्या तिथेच बरेच जण गोळ्या सोडतात. सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध दुधात फार थोडं उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला ते बऱ्याचदा देतात. गोळी सुरू करण्याआधी पूर्वी कधी अतिउत्साहाचे दिवस आले होते का ते डॉक्टरांना जरूर सांगा. बायपोलर आजार (कधी नैराश्य, कधी अतिउत्साह) असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो उसळू शकतो. आधीपासून गोळ्या चालू असताना दिवस गेले तर मनाने एकदम बंद करू नका, आजार उलटतो. व्हॅलप्रोएट (बायपोलर आणि फिट्सवरचं औषध) मात्र गर्भाला घातक आहे, तेव्हा ते चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि घरच्यांनी काय करावं? आईला रात्री सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावा. तेवढ्यातलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्याने सांभाळावं, आणि बाळाच्या रडण्याचा आवाज पोचणार नाही अशा खोलीत आईला झोपवावं.