विसरायचं म्हणणारी गाणी

नमस्कार श्रोतेहो. सरलेल्या प्रेमाची गाणी आपण सगळेच ऐकतो. मनात काही सलत नसलं तरी ऐकतो. त्यातली निम्मी आठवण काढतात आणि निम्मी 'आता विसरू या' म्हणतात. या दुसऱ्या गाण्यांवर माझा कधीच फारसा विश्वास बसला नाही, कारण गाण्याला ध्रुवपद असतं. कडवं थोडं लांब जातं, मनाची समजूत घालतं आणि ध्रुवपद त्याला बखोट धरून पुन्हा तिथंच आणून उभं करतं. शब्द विसरायला सांगतात, बांधणी विसरू देत नाही.

१९६३ च्या 'गुमराह'मधलं साहिर लुधियानवींचं गाणं घ्या. रवींचं संगीत, महेंद्र कपूर यांचा आवाज. चल, पुन्हा एकदा अनोळखी होऊन जाऊ, असा प्रस्ताव आहे. किती समंजस वाटतो! पण नायक तो मांडतो कुठं, तर भरल्या मैफलीत, पियानोवर बसून. ज्याला खरोखर अनोळखी व्हायचं असतं तो माणूस त्या मैफलीला जातच नाही. आणि दर कडव्यानंतर तोच प्रस्ताव पुन्हा! एकदा सांगून भागलं असतं की.

डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथं आठवतो. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच मनात तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढं विचार करायची मुभा दिली, तेव्हा आधी मनाई असलेल्यांच्या मनात ते अस्वल जास्तच आलं.

गझल त्या मानाने प्रामाणिक. हसरत मोहानींची, गुलाम अलींनी गायलेली आणि १९८२ च्या 'निकाह'मुळे घरोघरी पोचलेली 'चुपके चुपके रात दिन' ही गझल प्रत्येक शेराच्या शेवटी 'याद है' म्हणूनच थांबते. विसरण्याचं सोंगच नाही. आणि आठवतं काय? दुपारच्या उन्हात तिचं गच्चीवर अनवाणी येणं! चेहऱ्याचं वर्णन विसरलं जाईल, तापलेल्या गच्चीवरची ती पावलं विसरायची नाहीत. ('इन्किलाब झिंदाबाद' ही घोषणा देणारे हसरत मोहानी ते हेच.)

पण मला सगळ्यांत अस्वस्थ करतं ते शांता शेळके यांचं 'तोच चंद्रमा नभात'. त्याच्या मुळाशी एक संस्कृत श्लोक आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथात तो येतो आणि शीलाभट्टारिका या कवयित्रीचा म्हणून सांगितला जातो. त्यातली स्त्री म्हणते, नवरा तोच, चैत्राच्या रात्री त्याच, मालतीचा गंध तोच, मीही तीच. तरी मन रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठाकडे धाव घेतं. म्हणजे तिच्या मनाला जायला एक ठिकाण तरी आहे. शांताबाईंनी बोलणारा पुरुष केला आणि ती रेवा काढूनच टाकली. मागं उरली ती वाळलेली फुलं, आणि त्यांत गंध शोधणारा तो.

इथं कुणी कुणाला सोडून गेलेलं नाही. ती अगदी जवळ बसली आहे. विसरायचं कुणाला? विसरणं केव्हाच होऊन गेलंय, कुणी न ठरवता, आणि आठवतं आहे ते एवढंच, की एके काळी हे सगळं वेगळं वाटत होतं. विरहाच्या गाण्यात निदान परत येण्याची आशा तरी करता येते. या गाण्यात तीही सोय नाही, म्हणून ते मला विरहगीतांपेक्षा कठोर वाटतं. लग्नाच्या वाढदिवसाला लोक याची फर्माईश करतात तेव्हा मी गप्प बसतो.

चाल सुधीर फडके यांची आणि गायलंही त्यांनीच. बाबूजींचा शब्दोच्चार किती स्वच्छ, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा 'तोच' आणि 'तीच' हे शब्द जिथं जिथं येतील तिथं जरा कान द्या. गाणं लावतो आहोत.