भाजी कोवळी, बी जून

(दृश्य: मधोमध चिरलेला टोमॅटो, अगदी जवळून)

घरात आलेल्या भाजीतलीच बी काढून पेरता येते. पिकलेल्या टोमॅटोची ही एक बी. तिच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत आवरण आहे. ओलावा आहे, ऊब आहे, तरी फळाच्या आत ती सहसा रुजत नाही. या आवरणात आणि गरात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. फळ गळून, कुजून मातीत मिसळेपर्यंत बीनं थांबावं, अशी ही झाडाची तजवीज.

तेच कुजणं आपण एका वाटीत घडवून आणू शकतो. बिया गरासकट वाटीत काढायच्या, थोडं पाणी घालायचं, वर पातळ कापड टाकायचं. दोन-तीन दिवसांत वर पांढुरका तवंग धरतो आणि आंबूस वास सुटतो. त्या वासानं घाबरून वाटी फेकून देऊ नका, काम नीट चाललंय याचीच ती खूण आहे. आता भरपूर पाणी ओतून ढवळा. भरलेल्या बिया तळाशी बसतात. पोचट बिया आणि गर वर येतो, तो ओतून द्या. मात्र याहून जास्त दिवस वाटी तशीच ठेवली, तर बिया तिथंच मोड काढायला लागतात.

धुतलेल्या बिया ताटलीत पसरून सावलीत वाळवायच्या. कागदावर नको, चिकटून बसतात.

(दृश्य: कोवळं वांगं आणि झाडावर पिवळं पडलेलं वांगं, शेजारी शेजारी)

पण प्रत्येक भाजीची बी अशी तयार मिळत नाही, आणि घरच्या पेरणीत सगळ्यात जास्त निराशा इथंच होते. भेंडी, काकडी, वांगं, ढोबळी मिरची आपण कोवळीच खातो. या वांग्यातली बी पाहा. पांढरी, मऊ, नखानं सहज चिरडते. तिच्यातला अंकुर अजून पुरा घडलेलाच नाही. त्याच झाडावर हे दुसरं वांगं राहू दिलंय. साल पिवळी पडली, गर खाण्याजोगा उरला नाही आणि आत बी टणक झाली. काकडीही अशीच पिवळी, फुगीर होऊ द्यावी लागते. भेंडी तर वाळून तडकायला आली, की मगच तिची बी घ्यायची.

टोमॅटो, लाल भोपळा, लाल मिरची घरात येतात तीच पिकून, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी. उन्हात वाळलेल्या लाल मिरचीची बीही रुजते, पण भट्टीच्या कडक उष्णतेत वाळवलेली असेल तर नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती धण्याची पेरणी. एक धणा म्हणजे एक बी नव्हे, ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. हलक्या हातानं रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवून पेरायच्या. फार जोर लावला तर आतली बीच फुटते. मेथी आणि मोहरीला हेही लागत नाही. अख्खी कडधान्यं रुजतात, डाळ रुजत नाही. दाणा भरडला की अंकुर तुटतो.

(दृश्य: एकाच फळातल्या बियांची रोपं, निरनिराळी फळं धरलेली)

विकतच्या भाजीचा वाण पुष्कळदा संकरित असतो. तिच्या बियांपासून रोपं येतात, फळंही येतात, पण ती मूळ फळासारखीच असतील याची खात्री नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं 1866 साली वाटाण्यावरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे, आणि पुढच्या पिढीत साधारण चारात एक पुन्हा हिरवा.

भोपळा, दुधी, काकडी यांच्याबाबत मात्र सावध राहा. यांचे पराग कीटक नेतात, त्यामुळे जवळच्या वाणांची सरमिसळ होते. अशा बियांच्या वेलाचं फळ कधी कडूजहर निघतं. तो कडूपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याचा, आणि ते शिजवूनही जात नाही. आधी एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ खाऊ नका.

पेरणीचं फार अवडंबर नको. बीच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, भुसभुशीत माती, बेताचं पाणी. जास्त पाण्यानं रोपं मातीलगत सडून कोलमडतात. कोंब दिसला की लगेच भरपूर उजेड हवा, नाहीतर रोप लांबुडकं आणि फिकट होतं.

उरलेल्या बिया खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी ठेवा. बीतला ओलावा एक टक्क्यानं घटला की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं तरी तसंच.

(दृश्य: भेंडीच्या झाडाला दोरा बांधणारे हात)

पुढच्या हंगामाचं बियाणं आत्ताच ठरवायचं. सगळ्यात निरोगी झाड निवडा, त्यावरच्या एका चांगल्या भेंडीला रंगीत दोरा बांधा, आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा, ही तोडायची नाही.