मीटरवरचे 30 ओहम

टेबलावर 50 व्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, 230 व्होल्टचे 12 करणारा. प्लग काढलेला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रायमरीच्या, म्हणजे 230 व्होल्टकडच्या वाइंडिंगच्या (तारेच्या गुंडाळीच्या) टोकांना प्रोब लावले, की आकडा येतो 30 ओहम. प्रोबची धातूची टोकं मात्र बोटांत धरू नका. मीटरचा इवलासा करंट तुटतानाही हे वाइंडिंग झटका देतं.

आता हिशेब. 230 भागिले 30, म्हणजे साडेसात अँपिअरच्या वर. प्रत्यक्षात सेकंडरी, म्हणजे 12 व्होल्टकडचं वाइंडिंग, मोकळी ठेवून प्लग लावला, तर जेमतेम 50 मिलिअँपिअर! मग जॉर्ज ओहमचा 1827 सालचा नियम, करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध, इथे चुकला का?

चुकला नाही. मीटरने स्वतःच्या बॅटरीचा डीसी (एकाच दिशेचा करंट) तारेतून पाठवून फक्त तारेचा रोध मोजला. एसीमध्ये कोरमधलं (वाइंडिंगच्या आतल्या लोखंडातलं) चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि त्याच वाइंडिंगमध्ये विरोधी व्होल्टेज उभं करतं. हा झाला रिॲक्टन्स: 2 पाय गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले इंडक्टन्स. 50 हर्ट्झ आणि 15 हेन्री धरले, तर सुमारे 4,700 ओहम. करंट 49 मिलिअँपिअर. सूत्र तेच, रोधाच्या जागी इंपिडन्स, म्हणजे रोध आणि रिॲक्टन्स मिळून होणारा एकूण विरोध. त्या दोन्हींची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. त्यात आपले 30 ओहम दिसतसुद्धा नाहीत.

याच प्रायमरीला 230 व्होल्ट डीसी दिला तर? फ्रिक्वेन्सी शून्य, रिॲक्टन्स शून्य. उरतात ते 30 ओहम, आणि त्या बारीक तारेत पावणेदोन किलोवॅट उष्णता. फ्यूज उडाला तर नशीब.

नेहमीची दुसरी शंका: व्होल्टेज 19 पट कमी झालं, मग करंट तेवढाच जास्त कसा? कारण नियम लावायचा तो एकाच लोडच्या, म्हणजे जोडलेल्या उपकरणाच्या, दोन टोकांना. प्रायमरीचं व्होल्टेज आणि सेकंडरीचा करंट अशी जोडी जमत नाही. सेकंडरीला 3 ओहमचा लोड: 12 व्होल्ट, 4 अँपिअर. प्रायमरीला तोच लोड 19.17 च्या वर्गाने मोठा, सुमारे 1,100 ओहमचा दिसतो, म्हणून तिकडे 0.21 अँपिअर. दोन्हीकडे 48 वॅट.

तारेचा रोध इथे पुन्हा डोकं वर काढतो. सेकंडरीच्या 0.2 ओहममध्ये 4 अँपिअरला 0.8 व्होल्ट पडतात, थोडे प्रायमरीतही. म्हणून लोडशिवाय 13 व्होल्ट दाखवणारा ट्रान्सफॉर्मर खराब नसतो.

खरी फसगत होते ती शॉर्ट झालेल्या वेढ्यांत. प्रायमरीचे 1,150 वेढे धरले, तर एका वेढ्याला 0.2 व्होल्ट आणि 0.026 ओहम. तो शॉर्ट झाला की त्यातून साडेसात अँपिअर फिरतात, 0.2 अँपिअरसाठी निवडलेल्या तारेतून. शेजारच्या तारेवरचं इनॅमल (इन्सुलेशनचा लेप) जळतं, आणखी वेढे अडकतात. असे 40 वेढे गेले तरी मीटर 29 ओहम दाखवतो, आणि एवढा फरक तांबं आठ-नऊ अंश गार असलं तरी पडतो. म्हणजे मीटरवर विसंबून उपयोग नाही.

त्यापेक्षा 60 वॅटचा फिलामेंट बल्ब प्रायमरीच्या सिरीजमध्ये लावा, सेकंडरी मोकळी ठेवा. एलईडी बल्ब नको. प्लग लावताक्षणी बल्ब लुकलुकून विझला, तर वाइंडिंग ठीक. तो पेटलेलाच राहिला, तर रिवाइंडिंगला पाठवा.