बिघडलं की बोलायचं कोणी?

जुन्या कमांड लाइन सिस्टिमची, म्हणजे हुकूम टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, तुलना म्हटली की लोक तक्ता काढून बसतात. फाइलींची यादी हवी तर डॉसमध्ये डीआयआर, युनिक्समध्ये एलएस, वगैरे. तो तक्ता आज मिळणार नाही. निम्म्यांना तो पाठ आहे आणि उरलेले तो बघून झोपतील. माझा प्रश्न एवढाच आहे, की काम बिघडलं की बोलतं कोण?

सुरुवात सीपी/एम या छोट्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून. लिहिणारा गॅरी किल्डॉल, १९७४. ८०८० प्रोसेसर, जास्तीत जास्त ६४ केबी मेमरी, त्यामुळे शब्द जपून वापरायचे. कमांड चुकली तर तुम्ही टाइप केलेलंच परत समोर, पुढे फक्त प्रश्नचिन्ह. फाइल कॉपी करायला पिप नावाचा प्रोग्रॅम, त्यात ‘कुठे’ आधी आणि ‘कुठून’ नंतर. हसू नका, प्रोग्रॅमर मंडळींना ते अगदी सरळ वाटायचं, व्हेरिएबलला किंमत देतात तसंच की!

आता माझं जुनं दुखणं. फ्लॉपीवर कुठली जागा मोकळी आहे याचा नकाशा सीपी/एम मेमरीत ठेवायची. फ्लॉपी बदलली की कंट्रोल-सी दाबून तिला ते कळवायचं, हा नियम. समजा, तुम्ही तासभर मजकूर टाइप केलाय. फ्लॉपी भरत आली म्हणून दुसरी घातली आणि सेव्ह केलं. पडद्यावर ‘बीडॉस एरर ऑन बी: आर/ओ’. म्हणजे या फ्लॉपीवर आता लिहिणार नाही. बरं, मग काय करू? कुठलीही की दाबा. दाबली, की सिस्टिम वॉर्म बूट होऊन, म्हणजे मशीन बंद न करता नव्यानं सुरू होऊन, थेट ए प्रॉम्प्टवर, पुढच्या कमांडची वाट बघत. मजकूर गेला!

गंमत अशी, की सिस्टिमचं अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. जुन्या नकाशावरून नव्या फ्लॉपीवर लिहिलं असतं तर तिथल्या फाइलींची वाट लागली असती. डिरेक्टरीच्या, म्हणजे फाइलींच्या यादीच्या, चेकसम (पडताळणीच्या बेरजा) जुळल्या नाहीत म्हणून तिनं हात आखडला. फ्लॉपी वाचवली, टाइप करणारा बुडवला. आणि एडिटर, म्हणजे ज्यात टाइप करत होतात तो प्रोग्रॅम, बिचारा? त्याला कोणी विचारलंच नाही. माझा राग आहे तो यावर.

दहा मिनिटं उरलीत असं खुणावताहेत. (पाच? बरं, पाच.)

तर डॉस, १९८१. ही माणसाला विचारते: ‘अ‍ॅबॉर्ट, रिट्राय, इग्नोर?’ सुधारणा आहेच. पण ड्राइव्ह उघडा असेल तर रिट्राय शंभरदा दाबा, फ्लॉपी आत गेल्याशिवाय काही होत नाही. अ‍ॅबॉर्ट म्हणालात की प्रोग्रॅमच गेला. इंटरप्ट २४, म्हणजे अशा एररच्या वेळी डॉस मारते ती हाक, आपल्याकडे वळवून घेणारा शहाणा प्रोग्रॅम असेल तरच तुम्ही सुटलात.

युनिक्स यांच्याही आधीची, १९६९ पासूनची. तिथे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, माणसाशी बोलायलाच जात नाही. सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलला सांगितलेलं काम, फसला की एररचा नंबर प्रोग्रॅमच्या हातात, पुढचं त्यानं बघावं. एडिटर मजकूर मेमरीत धरून ठेवू शकतो, दुसरी जागा विचारू शकतो. माझ्या मते खरा फरक इथे आहे. अर्थात प्रोग्रॅमनं तो नंबर तपासला पाहिजे. अनेक तपासत नाहीत, आणि मग कोणीच काही बोलत नाही.

आता प्रश्न. डॉसमध्ये फाइलींच्या पत्त्यात बॅकस्लॅश का, हा सोडून. डॉसमध्ये साधा स्लॅश ऑप्शनसाठी आधीच वापरात होता, म्हणून १९८३ साली २.० मध्ये डिरेक्टरी आल्या तेव्हा उलटा घेतला. झालं उत्तर.