ताज्या बटाट्याचे फ्राईज सादळतात का?

मंडळी, कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या माणसाला कोणीतरी हमखास इन-एन-आउट या बर्गरच्या दुकानात नेतं. बर्गर आवडतो आणि फ्राईज निम्मे उरतात. हा योगायोग नाही. बर्गर चांगला होण्याचं आणि फ्राईज फसण्याचं कारण एकच आहे, आणि ते समजलं की ऑर्डर कशी द्यायची तेही कळतं.

1948 साली लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये हॅरी आणि एस्थर स्नायडर यांनी हे दुकान काढलं. मेनू आजही एवढासाच: हॅम्बर्गर, चीजबर्गर, दोन पॅटी (खिम्याच्या चपट्या वड्या) नि दोन चीजचा डबल-डबल, फ्राईज, शेक, पेयं. फ्रीझर नाही, मायक्रोवेव्ह नाही. बटाटा दुकानातच चिरतात. काउंटरपाशी उभं राहिलात तर दिसतोही. हा ताजेपणाचा हट्ट बर्गरच्या पथ्यावर पडतो आणि फ्राईजच्या मुळावर येतो.

आधी बर्गर. मांस गोठलं की त्यात बर्फाचे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि तव्यावर पाणी सुटतं. पाणी आहे तोवर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूसपणा यायला साधारण 140 अंश सेल्सिअस लागतात. म्हणजे पॅटी भाजण्याऐवजी वाफवली जाते. इथे मांस न गोठवलेलं, पॅटी पातळ आणि तवा कडक तापलेला. त्यामुळे रंग पटकन धरतो. पातळ पॅटी आतपर्यंत पूर्ण शिजते, हेही बरंच. स्टेक आतून लालसर चालतो, पण खिम्यात बाहेरचे जंतू आतवर मिसळलेले असतात, म्हणून अमेरिकेचं कृषी खातं 71 अंशांची अट घालतं.

पॅटी उलटली की लगेच चीज. ते अमेरिकन चीजच हवं. यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मुरलेलं चेडर तापलं की त्यातलं तेल वेगळं होतं नि उरलेलं चिवट बनतं. अमेरिकन चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते प्रथिनांना मोकळं करून चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते सलग वितळतं. रचनाही बघा: खालच्या पावावर स्प्रेड म्हणजे त्यांचा मेयोनीजसारखा सॉस, टोमॅटो, लेट्यूस आणि त्यावर पॅटी. पॅटीतून गळणारा रस पानावर अडतो, आणि पावाची आतली बाजू भाजलेली असल्याने तो लगेच भिजत नाही. कागदातून बर्गर पूर्ण बाहेर काढू नका. अर्धा गुंडाळलेलाच धरून खायचा असतो.

माझं मत विचाराल तर साध्या चीजबर्गरमध्ये पाव वरचढ होतो. भूक असेल तर डबल-डबल घ्या. कांदा कच्चा की परतलेला, हे विचारतात. ‘अ‍ॅनिमल स्टाइल’ म्हटलंत तर पॅटी मस्टर्ड (मोहरीचा सॉस) लावून भाजतात, शिवाय परतलेला कांदा, लोणच्याची काकडी आणि जास्तीचं स्प्रेड मिळतं. पिवळ्या मिरच्या फुकट असतात, चिरून बर्गरमध्येच घालायला सांगा. आपल्या जिभेला ती मिरची लागतेच.

आता फ्राईज. बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी. कुरकुरीतपणा टिकवायचा तर दोनदा तळावं लागतं. पहिल्यांदा साधारण 150-160 अंशांवर चारपाच मिनिटं: आतला स्टार्च शिजतो, बाहेर पापुद्रा धरतो. मग थंड करायचे, वाफ जाऊ द्यायची, आणि पुन्हा 180-190 अंशांवर दोनतीन मिनिटं. गोठवलेल्या पाकिटातल्या फ्राईजचा पहिला टप्पा कारखान्यातच झालेला असतो, म्हणून ते सोपे जातात. फाइव्ह गाइज ही दुसरी बर्गर साखळी ताजा बटाटा वापरते, पण शेंगदाणा तेलात दोनदा तळते. शेक शॅक या आणखी एका साखळीने 2013 मध्ये गोठवलेले नागमोडी फ्राईज सोडून ताजे चिरायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी माघार घेतली. गिऱ्हाइकांना जुनेच हवे होते.

इन-एन-आउट ताजे काप सूर्यफुलाच्या तेलात एकदाच तळतं. पापुद्रा पुरेसा जाड होण्याआधीच रंग येतो, काप बाहेर निघतात, आणि आत उरलेलं पाणी वाफ होऊन त्या पातळ पापुद्र्याला सादळवतं. पाचसात मिनिटांत खेळ खलास. बंद पिशवीत तर गरम भजी डब्यात कोंडावी तशी गत. यावर उपाय एवढाच, की ऑर्डर देतानाच ‘फ्राईज वेल-डन’ सांगायचं. ते जास्त वेळ तेलात राहतात, जास्त पाणी जातं. थोडे कडक होतात, पण टिकतात. ताट आलं की आधी फ्राईज, मग बर्गर. गाडीत खाणार असाल तर तसं सांगा, उघडा खोका देतात. चीज, स्प्रेड आणि कांदा घातलेले अ‍ॅनिमल फ्राईज हवेत तर तेही वेल-डनच मागवा, नाहीतर काट्याने लगदा खावा लागतो.

शाकाहारी मंडळींसाठी मेनूत न दिसणारं ग्रिल्ड चीज आहे: पॅटी नाही, दोन चीज, बाकी सगळं तेच. स्प्रेडमध्ये अंडं असतं, तवा वेगळा आहे का तेही विचारून घ्या. फ्राईजचं तेल वनस्पतीचं, इतकी खात्री सगळीकडे धरू नका. मॅकडोनाल्ड्सने 1990 मध्ये गोचरबी सोडली, तरी अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राईजमध्ये गोमांसाचा स्वाद राहिला. हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी दावा लावला, 2002 मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तो मिटवला. तो स्वाद तिथल्या फ्राईजमध्ये आजही आहे आणि घटकांच्या यादीत तसा छापलेला असतो.